राजीनामा: नाराज माणूस राजी कसा?

प्रश्न: ‘नाराज आमदाराने मुख्यमंत्र्यांकडे राजीनामा सोपवला’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि नाराज असलेला माणूस ‘राजी’नामा कसा देईल?

आधी ‘सोपवला’ खोडा. हे ‘इस्तीफा सौंपा’चं पिल्लू आहे, आणि नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं की विधानभवनापासून आमदार निवासापर्यंत हेच कानावर पडतं. सोपवतात ती जबाबदारी. राजीनामा देतात, फार तर खिशात घेऊन फिरतात.

आता शब्द. अरबी ‘रिझा’ म्हणजे संमती. त्यातून राजी, त्यातूनच आपली रजा: साहेबांची संमती असेल तर सुट्टी! ‘नामा’ फारसी, लिहिलेला कागद. म्हणजे राजीनामा हे मुळात संमतिपत्र. उत्तरेकडच्या कोर्टांत राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद. पद सोडायला त्यांच्याकडे इस्तीफा, आणि तो आपल्या ‘माफ’चा सख्खा भाऊ: ‘मला यातून माफ करा.’

मग मराठीत संमतीचं सोडणं कसं झालं? माझ्या मते जमिनीमुळे. मुंबई इलाख्याच्या महसुली दप्तरात खातेदार जमीन सोडताना राजीनामा लिहून देई आणि नवा धारक कबुलायत, म्हणजे जमीन घ्यायला कबूल असल्याचा कागद. ‘हे खातं सोडायला मी राजी आहे.’ शेतातला शब्द तिथून कचेरीत आणि कचेरीतून खुर्चीपर्यंत गेला. हा शब्द राज + नामा, म्हणजे राज्य सोडल्याचा कागद, असं ठासून सांगणाऱ्या विद्वानांनी पंचनामा आठवावा. त्यात पंच कुठे पळून जातात? आणि ‘त्यागपत्र’वाल्यांना हात जोडून सांगायचं, की त्यागात संमतीचा मुद्दाच उडून जातो.

तो मुद्दा कायद्यानेही धरला आहे. गुजरातच्या 1974च्या आंदोलनात आमदारांना घेराव घालून राजीनामे लिहून घेतले गेले. त्याच वर्षी 33वी घटनादुरुस्ती झाली. तेव्हापासून अनुच्छेद 190 नुसार राजीनामा स्वेच्छेचा किंवा खरा नाही असं चौकशीअंती वाटलं, तर पीठासीन अधिकारी, म्हणजे सभागृहाचे अध्यक्ष किंवा सभापती, तो स्वीकारत नाहीत. कागद नुसता पोचून भागत नाही, देणारा राजी लागतो!

तो पोचवायचाही योग्य जागी: आमदाराच्या सहीने लेखी, विधानसभेचा असेल तर अध्यक्षांकडे, परिषदेचा असेल तर सभापतींकडे. (‘विधानसभेचे सभापती’ लिहिणाऱ्यांशी पुन्हा कधीतरी.) मुख्यमंत्र्यांकडे जातो तो मंत्रिपदाचा; त्याने आमदारकीला धक्का लागत नाही. साध्या आमदाराने मुख्यमंत्र्यांच्या हाती कागद दिला, तर जागा रिकामी होत नाही.

उलट गंमत राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात. पक्षाचं सदस्यत्व ‘स्वेच्छेने सोडणं’ वागणुकीवरूनही ठरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली सांगितलं. तिथे नामा लागतच नाही. आमदार राजी होता एवढं वागण्यातून दिसलं तरी आमदारकी जाऊ शकते.