शेजारच्या घरातली प्रार्थना आणि तुमची सही

प्रश्न : आमच्या सोसायटीत एक ख्रिस्ती कुटुंब भाड्याने राहतं. रविवारी सकाळी त्यांच्याकडे आठ-दहा माणसं जमतात, प्रार्थना करतात, गातात. गणपतीत आम्ही दहा दिवस पार्किंगमध्ये आरत्या करतो, तेव्हा कुणाची तक्रार नसते. आता मात्र 'अन्य धर्मीयांचे सामूहिक कार्यक्रम फ्लॅटमध्ये नकोत' असा ठराव येतोय आणि सह्या गोळा होताहेत. आमचे हे म्हणतात, बहुमत आहे, सही करून मोकळी हो. माझं मन धजत नाही. काय करू?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, सही करू नका.

मी पंचवटीत वाढले, काळारामाच्या दारावरून रोजचं जाणं-येणं. त्याच दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांनी सत्याग्रह सुरू केला. देवळात प्रवेश नसलेली दलित माणसं नुसतं दर्शन मागत होती. वर्षामागून वर्षं गेली, दार उघडलं नाही. दार लावून धरणारेही बहुमताच्याच जोरावर उभे होते. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. देवळात जाण्याचा हक्क आणि धर्म सोडण्याचा हक्क, दोन्ही या जिल्ह्यात मागितले गेले. म्हणून नाशिककराने तरी हा विषय 'त्यांचा' म्हणून झटकू नये, असं मला फार वाटतं.

राज्यघटनेचं २५वं कलम सद्सद्विवेकबुद्धीचं आणि धर्म आचरण्याचं स्वातंत्र्य सर्व व्यक्तींना देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य अशा मर्यादा आहेत, पण 'शेजाऱ्यांना आवडत नाही' ही त्यात नाही. सार्वजनिक हिंदू देवळं हिंदूंमधल्या सर्व वर्गांना खुली करण्याची तरतूदही त्याच कलमात आहे.

मात्र हे कलम मुख्यतः सरकारला बांधतं. सोसायटीच्या सभेत ते आपणहून धावून येणार नाही. भाडेकरू सभासद नसतात, त्यामुळे त्या कुटुंबाला तिथे मतही नाही. त्यांच्या बाजूने कुणी बोलायचं तर ते सभासदांनीच, म्हणजे तुम्हीच.

आवाजाचा खरोखर त्रास होत असेल तर आवाजाबद्दल बोला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती त्यांच्या गाण्याला आहे तशी आपल्या आरतीच्या स्पीकरलाही आहे. आवाज, वेळ, पाहुण्यांच्या गाड्या यांचे नियम सर्वांना सारखे असावेत, असा पर्यायी ठराव तुम्ही मांडा. तो पडला तर तुमचा विरोध नावासह इतिवृत्तात नोंदवून घ्या.

घरात हे पटवताना एकच विचारा : उद्या आपली मुलं नोकरीसाठी दुसऱ्या प्रांतात भाड्याने राहिली आणि तिथे बहुमताने सत्यनारायणाला मनाई केली, तर?

आणि सभेच्या आधी त्या कुटुंबाकडे जाऊन ठरावाची कल्पना द्या. बहुधा त्यांना कुणी सांगितलंही नसेल.