पेटी जरा लांबच ठेव

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

वस्तीतल्या समाजमंदिरात आठवड्यातून दोनदा, तीस मुलं. गाण्याचा वर्ग मिळाला हे छान झालं.

आधी पट्टी, म्हणजे कुठला स्वर षड्ज (सा) धरायचा ते. तुझा गळा काळी एकचा, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या सुराचा. तू तुझ्या षड्जात गायलास की लहान मुलं तुझ्याच सप्तकात उतरायला बघतात आणि गळा दाबून नुसती घरघरतात. वरच्या सप्तकात गा, हे त्यांना सांगून कळत नाही. एखाद्या सुरेल मुलीला आधी म्हणायला लाव, बाकीची तिच्यामागे आपोआप जातात. मंद्रातलं, म्हणजे खालच्या सप्तकातलं, पहिले तीन महिने नकोच.

पेटी, म्हणजे हार्मोनियम, सा देण्यापुरती. ती सतत वाजली की मुलं तिच्या आवाजाखाली लपतात आणि कोण घसरतंय ते तुलाही ऐकू येत नाही. शिवाय पेटीचा शुद्ध गंधार (ग) तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. भूप राग घेणार असशील तर तिथे गंधारच वादी, म्हणजे मुख्य स्वर. मग मुलांनी कान कुणाकडे द्यायचा? मोबाइलवर तंबोरा लाव, पण बाहेरचा स्पीकर जोडून. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्ज, म्हणजे खालचा सा, निघतच नाही.

एखादं मूल भलत्याच सुरात गाईल. ‘तू नुसते ओठ हलव’ हे त्याला चुकूनही म्हणू नकोस, ते आयुष्यभर गात नाही. त्याला जो सूर लागतोय तो तू धर. दोन आवाज एक झाले की कसं वाटतं, ते त्याला एकदा कळू दे. मग तिथून एकेक स्वर वर सरक. पाचच मिनिटं, वर्ग सुटल्यावर, बाकीच्यांसमोर नाही. एरवी त्याला मागे न टाकता दोन पक्क्या मुलांच्या मधे बसव.

केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात, मुलं लय वाढवून पळतात ती बहुधा खालीनंतर. खाली म्हणजे टाळी न वाजवायची मात्रा: पाचव्या मात्रेला हात हवेत जातो, आवाज काही होत नाही, ती जागा त्यांना रिकामी वाटते आणि पुढची टाळी गाठायची घाई होते. खालीला तळहात उलटा करून मांडीवर टेकवायला सांग, आठही मात्रा तोंडाने मोजत. तबला नंतर आण.

महिन्याभरात मंडळाचे अध्यक्ष येतील, गणपतीत कार्यक्रम करा म्हणतील. सहा आठवडे घोटलेली दोनच गाणी कबूल कर. कार्यक्रम ठरला की वर्गाची तालीम होते आणि पहिला बाहेर बसतो तो तोच, सूर न लागणारा. पालक गांधर्व मंडळाच्या संगीत परीक्षेचं विचारतील. वर्षभर थांबा म्हण.

मानधन, तास, सुट्ट्या कागदावर घे. तबलजीचे पैसे वेगळे लिहून घे, नाहीतर ते तुझ्याच खिशातून जातात.

आणि वर पत्रा असेल तर मुसळधार पावसात गाणं घेऊ नकोस. तंबोरा ऐकू येत नाही, मुलं ओरडून गातात, गळे बसतात. त्या दिवशी फक्त टाळ्या आणि मात्रा.