बाबांना सोबत हवी आहे

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

बाबा एका विधवा काकूंबरोबर राहायचं म्हणताहेत, हे तू फोनवर सांगितल्यापासून तुझं एकच वाक्य मनात घोळतंय: "बाबा तर किती छान सावरले होते, मग आता हे काय?" आई गेल्यावर ते कुकर लावायला शिकले, पर्वतीच्या १०३ पायऱ्या पुन्हा चढायला लागले. तुम्ही सगळ्यांनी त्यांच्या खंबीरपणाचं इतकं कौतुक केलंत, की दिवेलागणीला घर खायला उठतं हे सांगायची त्यांची सोयच राहिली नाही. सत्तरीत नव्या माणसाशी ओळख वाढवून "आपण एकत्र राहू या" म्हणायला उमेद लागते. त्यांचं सावरणं मला यातच दिसतं.

आईच्या आठवणीने तुला भरून येतं, ते येऊ दे. त्यांच्यासमोरच रड. आईविषयी बोलायला त्यांनाही कुणीतरी हवंच आहे.

आता व्यवहाराचं. पुण्यात हे नवीन राहिलेलं नाही. ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी इथे २०१२ मध्ये मंडळच सुरू झालं. काकूंना पतीचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं आणि पुनर्विवाह केला तर ते थांबू शकतं, म्हणून त्या लग्नाला कचरत असतील. लग्नाविना राहायला कायद्याची आडकाठी नाही. विवाहासारख्या नात्यातल्या बाईला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचं संरक्षणही मिळतं. वारसाहक्क मात्र नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बायकोला मुलांबरोबर वाटा मिळतो; लग्न न केलेल्या जोडीदाराला आपोआप काहीच मिळत नाही. तेव्हा दोघांनीही मृत्युपत्र करावं. दोन साक्षीदार लागतात; नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्यावी. फ्लॅट तुम्हा भावंडांच्या नावे ठेवूनही, बाबांच्या मागे काकूंना तिथे हयातभर राहता येईल अशी तरतूद त्यात करता येते. ती कराच. वर्षानुवर्षं औषधपाणी केलेल्या बाईला तेराव्यानंतर घराबाहेर काढलेलं मी वकिलीत पाहिलंय. काढणारी मुलं दुष्ट नव्हती. कागद नव्हता, आणि त्या बाईंशी कधी कुणी धड बोललंही नव्हतं.

फ्लॅटची काळजी तुलाही वाटत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ती "लोक काय म्हणतील"च्या आड लपवू नकोस; बाबांना सरळ विचार. तुझ्या आडून बोलण्याने ते जास्त दुखावतील.

रविवारी त्यांच्याकडे जा, पण एकटी जा. भावाला, नवऱ्याला घेऊन गेलीस तर त्याची बैठक होईल. काकू आल्या तर त्यांच्या मुलाची चौकशी कर, जमलं तर त्याचा नंबर घे. त्याच्याही डोक्यात हेच सगळं चाललं असणार, आणि त्याच्याशी बोलायला कदाचित कुणीच नसेल.

तुझी,
मावशी