काढा प्यायचा की गुळण्या करायच्या?

प्रश्न : वैद्यबाई, नमस्कार. माझ्या सासूबाई 69 वर्षांच्या आहेत. दोन्ही गुडघे दुखतात, उजव्यावर संध्याकाळी सूज येते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि रक्त कमी म्हणून रक्तवाढीची गोळी चालू आहे. नात्यातल्या एकांनी मोबाइलवर मजकूर पाठवला : वड, उंबर, पिंपळाच्या सालींचा काढा 21 दिवस दोन वेळा प्यावा, सूज मुळापासून जाते, 'संशोधनाने सिद्ध'. झाडं परड्याच्या कडेलाच आहेत, म्हणून चार दिवस दिला. सूज तशीच आहे, वर आता पोट साफ होत नाही म्हणतात. चालू ठेवू का?
— एक वाचक, देवरुख

उत्तर : ताई, आजच बंद करा. पोट साफ न होणं हे त्या काढ्याचंच काम.

मजकूर लिहिणाऱ्याने झाडं हवेतून आणलेली नाहीत, एवढं त्याच्या बाजूने म्हणते. वड, उंबर, पिंपळ, पायरी आणि तुमच्या कोकणात ज्याला भेंडीचं झाड म्हणतात तो पारोसा पिंपळ, या पाचांच्या साली म्हणजे पंचवल्कल. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात त्यांचे गुण दिलेत : थंड, रूक्ष (म्हणजे कोरडेपणा आणणाऱ्या), तुरट, जखम, विसर्प (कातडीवर पसरत जाणारा विकार), सूज यांवर उपयोगी. मजकूरवाल्याने त्यातला 'सूज' हा शब्द उचलला आणि 'रूक्ष, तुरट' सोडून दिलं. नेमकं तिथेच घोडं पेंड खातं.

जांभळं खाल्ल्यावर जीभ आखडते ना, ती तुरट चव. सालीतलं टॅनिन प्रथिनांना धरून त्यांचा साका करतं. वाहत्या जखमेवर, सुजलेल्या हिरडीवर हे झालं की वर पातळसा पापुद्रा धरतो, स्राव कमी होतो, आग शमते. म्हणून पंचवल्कलाचा काढा आम्ही जखम धुवायला आणि गुळण्यांना वापरतो. साल जिथे लागते तिथे काम करते. गुडघा मात्र कातडीच्या आत, आणि काढा जातो पोटात! तिथे ती आतडीच आखडवते.

आणि शास्त्राच्याच भाषेत बोलायचं तर म्हातारपणीचे झिजलेले गुडघे म्हणजे वात. थंड, रूक्ष, तुरट या तिन्हींनी वात वाढतो, हे आयुर्वेदाच्या पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा घडाघडा म्हणतील. म्हणजे ज्या ग्रंथाचा दाखला द्यायचा, त्याच्याच विरुद्ध औषध द्यायचं.

आता रक्तवाढीच्या गोळीचं. शिकत असताना मी हौसेने सालींचा काढा लोखंडी कढईत ठेवला होता. पाणी आधी चहासारखं तांबूस झालं, मग बघता बघता निळं-काळं. रसशाळेतले, म्हणजे औषधं बनवायच्या जागेतले, म्हातारे मामा कढईत डोकावून म्हणाले, "बाई, शाई केलीत. आता दौत आणा." खरंच होतं ते, हिरडा आणि हिराकस घालून शाई पूर्वी अशीच करत. टॅनिन आणि लोह भेटले की एकमेकांना धरून बसतात. सासूबाईंच्या पोटात गोळी आणि काढा पाठोपाठ गेले तर तेच होणार, आणि गोळीतलं लोह अंगी लागायचं ते कमी लागणार. जेवणाबरोबर कडक चहा नको म्हणतात, तो याच कारणाने. चार दिवसांनी काही बिघडलेलं नाही, पण 21 दिवस नकोत.

'संशोधनाने सिद्ध' याचं काय? यातल्या काही सालींच्या अर्कांवर प्रयोग झालेत, आणि सूज उतरलीही आहे, पण उंदराची. उंदराच्या पंजात कॅराजीनन टोचतात (समुद्री शेवाळातून निघणारा हा पदार्थ आइस्क्रीम दाट करायलाही वापरतात), पंजा फुगतो, मग काही तास तो किती फुगला ते मोजतात. औषध चाळायला चाचणी चांगली आहे. पण तासाभरात आणलेली ती ताजी सूज, आणि सासूबाईंचा गुडघा झिजतोय कित्येक वर्षं.

मग गुडघ्याला काय? चरकांनी सूज उतरवणारी म्हणून जी दहा औषधं एकत्र सांगितली, ती म्हणजे आपलं दशमूळ. त्यातही साल आहेच : बेल, टेटू, शिवण, पाडळ, ऐरण या झाडांच्या मुळांची. सोबत रिंगणी, डोरली, सालवण, पिठवण, गोखरू. हे वाताचं औषध. पण तेही जवळच्या वैद्यांना गुडघा दाखवून, चालू गोळ्यांची चिठ्ठी पुढे ठेवून. पत्रावरून मात्रा मी सांगणार नाही. गुडघा लाल, गरम झाला किंवा सोबत ताप आला, तर मात्र काढाबिढा बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गुडघ्यात पू झालेला असू शकतो. मेटफॉर्मिन आपल्या मनाने थांबवू नका. दुसऱ्या कुणी 'सांधेदुखीचं खात्रीचं चूर्ण' म्हणून बिनलेबलाची पुडी दिलीच, तर ती घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडलेलं आहे. दोन दिवसांत माणूस पळायला लागतो आणि साखर आभाळाला भिडते.

उरलेली साल फेकू नका. घरात कुणाच्या हिरड्या सुजत असतील, तोंड येत असेल, तर गुळण्या करा. 25 ग्रॅम सालीची भरड, 400 मिलि पाणी, स्टीलचं पातेलं. पाण्यात उभी काडी धरून पातळीला खूण करायची, त्या उंचीचे चार भाग पाडायचे, आणि पाणी खालच्या खुणेला आलं की उतरवायचं. जुना आयुर्वेद ग्रंथकार शार्ङ्गधर सोळापट पाणी घालून आठवा हिस्सा उरवायला सांगतो. गुळण्यांना मी चौथ्यावरच थांबते, नाहीतर तोंड फार कोरडं पडतं. कोमट करून दिवसातून दोनदा. उद्यासाठी ठेवू नका, आंबतो. आणि पुन्हा लागली तर साल बुंध्याची गोल काढू नका, झाड मरतं. फांदी छाटाल तेव्हा तिची घ्या.

प्रश्न : शल्लकीच्या गोळ्या म्हणजेही सालच का? आमच्याकडे गुडघ्यासाठी लिहून दिल्या आहेत.
— एक वाचक, वर्धा

उत्तर : नाही, तो डिंक. शल्लकी म्हणजे सालईचं झाड; त्याच्या खोडाला छेद दिला की सालीतून पाझरतो, म्हणून गल्लत होते. त्यात टॅनिनचा नव्हे, बॉस्वेलिक आम्लांचा गुण. शरीरात सूज वाढवणारे काही पदार्थ 5-लायपॉक्सिजिनेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) तयार होतात, त्याला ही आम्लं अडवतात. आणि इथे माणसांवरचा अभ्यास आहे, तोही तुमच्या शेजारच्या नागपूरचा, 2003 साली प्रसिद्ध झालेला. गुडघ्याचे 30 रुग्ण, 8 आठवडे. दुखणं आणि सूज कमी झाली, चालणं वाढलं; एक्स-रेत मात्र काही बदललं नाही. तेव्हा घ्या, जेवणानंतर घ्या, आणि जुलाब-मळमळ झाली तर लिहून देणाऱ्यांना कळवा.