नाव आत्यानंच का ठेवायचं?

लीड्स, रविवार

प्रिय सई,

काल रात्री तुझा मेसेज आला, ‘आजी म्हणते मामाच्या बाळाचं नाव तू ठेवणार. बाळ मामा-मामीचं, मग नाव तू का? आणि तू तर येतच नाहीयेस.’ फोनवर सांगितलं असतं, पण तुझ्या मागं आजी, मामा आणि शेजारच्या काकू बसलेल्या असतात आणि प्रत्येकीची गोष्ट वेगळी. म्हणून लिहिते. काही अडलं तर मामाकडून वाचून घे. आजीकडून नको, ती मधलं गाळून वाचेल.

सरळ उत्तर एका ओळीचं आहे. आपल्यात बाळाचं नाव बापाच्या बहिणीनं ठेवायचं. तुझंही पुण्याच्या आत्यानं ठेवलंय. आता पुष्कळ घरांत आईबापच मोबाइलवर शोधून नाव पक्कं करतात आणि आत्याला फक्त कानात सांगायला बोलावतात. गंगाखेडच्या आपल्या घरात तसं चालत नाही. का चालत नाही, ते सांगायचं तर माझ्या आत्याबद्दल सांगावं लागेल. तिचा फोटो तू बघितलायस, आजोबांच्या खोलीतला, पांढरी टोपी घातलेला. तू जन्मायच्या आदल्या वर्षी ती गेली.

ती १९४६ची. म्हणजे जन्मली तेव्हा आपल्याकडं निजामाचं राज्य होतं, आणि तुझ्या पणजोबांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. पणजीची दोन लेकरं आत्याच्या देखत गेली, दोन्ही आठव्या दिवसाच्या आसपास. जबडा मिटायचा, दूध ओढणं बंद, अंग ताठ. बाया म्हणायच्या, सटवी भोवली. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन लेकराच्या कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात, म्हणून पाटावर वरवंटा पुजतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. तेव्हा नाळ घरातल्या विळ्यानं कापत आणि वर राख नाहीतर शेण लावत. सटवी कुठून यायची ते आत्याला पुढं नर्सिंगच्या वर्गात कळलं. तो धनुर्वात होता. आईला वेळेवर इंजेक्शन आणि नाळेला उकळलेलं पातं, एवढ्यावर ती दोन्ही लेकरं राहिली असती.

बारसं बाराव्या दिवशी का, यावरही तिचं स्वतःचं मत होतं. पहिल्या आठ-दहा दिवसांत लेकरू राहतं की जातं, कळायचं नाही. त्याआधी नाव ठेवून हाक मारायची सवय लावून घ्यायची कशाला? पोथीत काय लिहिलंय ते भटजींना विचार, मला तिचं म्हणणं पटतं. भारतातून नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं २०१५मध्ये जाहीर झालं. ते ऐकायला ती नव्हती.

तर ती मॅट्रिक झाली आणि औरंगाबादला सरकारी दवाखान्यात नर्सिंग शिकायला निघाली. गल्लीत एकच सूर, ‘पोरीला काहून पाठवायलात? परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, रात्रीची ड्युटी करायची, कोण करील हिला?’ कुणी केलं नाही, हे खरं. तिनंही फार वाट बघितली नाही. १९७०मध्ये गंगाखेडहून परभणी, परभणीहून छोट्या रुळाच्या गाडीनं मनमाड, तिथं गाडी बदलून मुंबई आणि मुंबईहून विमानानं ती इंग्लंडला आली. स्टेशनवर पणजोबा एकटेच सोडायला गेले होते.

इथं तिचं काय झालं, ते तिनं घरी कधी कळवलं नाही. पत्रात बर्फ, बसचं भाडं आणि सगळ्यांची खुशाली. मी शिकायला आले आणि पहिलं वर्षभर तिच्याकडं ब्रॅडफर्डला राहिले, तेव्हा रात्री भाकरी थापता थापता ती थोडं थोडं सांगायची. ज्वारीचं पीठ मिळत नसे तेव्हाच्या भाकरीचा किस्सा वेगळा आहे, तो राहू दे.

तेव्हा इथं नर्सचे दोन वर्ग होते. तीन वर्षं शिकून झालेली ‘रजिस्टर्ड’ आणि दोन वर्षांत झालेली ‘एनरोल्ड’. बाहेरून आलेल्या कितीतरी मुलींना फरक नीट न सांगता दुसऱ्या वर्गात बसवलं. आत्या औरंगाबादहून शिकून, नोकरी करून आलेली, पण तिला ज्या दवाखान्यानं घेतलं त्यानं पुन्हा शिकाऊ केलं आणि हातात धाकटं सर्टिफिकेट दिलं. त्या सर्टिफिकेटवर वरची जागा मिळत नसे, आणि मायदेशी परतलं तर त्याला तिकडं किंमत नाही. म्हणजे पुढंही जाता येईना आणि मागंही. म्हाताऱ्यांचे वॉर्ड, मनोरुग्णांचे वॉर्ड, रात्रपाळ्या, जिथं इथल्या मुली जायला नाखूश असत तिथं या बाहेरच्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तो दुसरा वर्ग बंद करायचं ठरलं आणि जुन्या नर्सना पुढचा कोर्स करायची सोय झाली. पंचेचाळिशीला आलेली आत्या विशीतल्या पोरींशेजारी वर्गात जाऊन बसली आणि रजिस्टर्ड झाली. त्यानंतर वॉर्डची सिस्टर, म्हणजे वॉर्डची मुख्य नर्स. परभणीत दवाखान्यात जी दिसेल तिला आपण सिस्टर म्हणतो, इथं ती जागा मिळवायला तिला वीस वर्षं लागली.

मात्र पैसे ती पहिल्यापासून पाठवायची. बहात्तरच्या दुष्काळाचं आजोबांना एकदा विचार, त्यांना सांगायला आवडतं. विहिरी आटल्या, बैल मिळेल त्या भावात गेले, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. ज्यांच्या घरी सालगडी होते ती माणसंसुद्धा दुष्काळी कामावर खडी फोडायला बसली, आणि पोरांच्या हातात सुकडी. आपलं शेत सावकाराकडं जायच्या बेतात होतं. तेव्हा पाउंडाला १८ रुपयांच्या आसपास मिळत. आत्याचा ड्राफ्ट रजिस्टर पाकिटातून यायचा, स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये भरायचा आणि वटायची वाट बघत बसायचं. त्या ड्राफ्टांवर आपलं सात एकर राहिलं. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण मोठ्यानं कुणी म्हणत नाही, कारण बहिणीच्या पैशानं जमीन राखली म्हणायला पुरुषांना जड जातं.

मग १९८१मध्ये मी व्हायची होते. माझी आई, म्हणजे तुझी आजी, बाळंतपणाला माहेरी मानवतला. इंग्लंडहून पत्र यायला आठवडा, कधी दोन आठवडे, आणि बारसं बाराव्या दिवशी. जन्माची तार करून उलटी नावाची वाट बघण्यात अर्थ नव्हता. म्हणून आत्यानं महिनाभर आधीच निळं हवाईपत्र पाठवून दिलं. त्यात दोन नावं, मुलगा झाला तर हे, मुलगी झाली तर जनाई. खाली लिहिलेलं, ‘यावर चर्चा नको.’

चर्चा झालीच. ‘दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या बाईचं नाव कशाला?’ असं कुणीतरी म्हणालं. पणजोबा म्हणाले, ‘जनाबाईच्या गावात राहून हे बोलायलात, निदान हळू तरी बोला.’ तिथं विषय मिटला. बारशाला आत्याच्या जागी आजोबांची चुलत बहीण उभी राहिली. तिच्या मनात माझं नाव संगीता ठेवायचं होतं. बिचारीनं दोन्ही साधलं, डाव्या कानात संगीता सांगितलं आणि उजव्या कानात पत्रातलं. तिच्या घरी मी अजून संगीताच आहे.

आता तुझा ‘का’. आजी तुला सांगेल की आत्याचा मान असतो. खरंच आहे. लेक लग्न करून जाते, तिचं घर बदलतं, आडनाव बदलतं, पुष्कळदा नावसुद्धा. माहेरी तिचा पाय लागत राहावा म्हणून काही कामं तिच्यासाठी राखून ठेवलेली असतात. पाळण्यात नाव सांगणं तिचं, अंगडं-टोपडं आणि कुंची आणणं तिचं. बदल्यात तिला साडी-चोळी. ऐकायला फार गोड वाटतं. पण माझं म्हणणं असं की हा मान घराला स्वस्त पडतो. नाव ठेवायला आत्या, आणि वाटण्या करायला बसले की तीच आत्या परक्या घरची.

१९९६मध्ये पणजोबा गेले. आत्या दहाव्याला पोचली. तेरावं झालं आणि घरच्यांनी हक्कसोडीचे कागद काढले. आपल्याकडं बहिणी भावांच्या नावानं हक्क सोडून देतात, ती रीतच आहे. नाही सोडला तर माहेर तुटतं म्हणतात. दोघी लग्न झालेल्या बहिणींनी सह्या केल्या. आत्यानं चष्मा लावून सगळा कागद वाचला, ‘उद्या सांगते’ म्हणाली आणि सकाळी गावातल्या एका वकिलाकडं जाऊन आली. महाराष्ट्रानं १९९४मध्ये कायदा बदलून वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांच्या बरोबरीनं वाटा दिला होता. ज्यांची लग्नं कायद्याच्या आधी झाली त्या मात्र त्यातून वगळलेल्या. हिचं लग्न कुणी केलं नव्हतं, म्हणून ही बसत होती! जी गल्ली तीस वर्षं तिची कीव करत होती तिनं हे ऐकलं तेव्हाची तोंडं मला आठवतात.

ती एवढंच म्हणाली, ‘मान दिलात, तो घेतला. आता वाटा द्या.’

आजोबा बरेच दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. आजी या दिवसांबद्दल बोलत नाही, म्हणून तिच्याकडून वाचून घेऊ नकोस म्हटलं. आत्यानं त्या जमिनीतलं एक पायलीसुद्धा धान्य कधी घेतलं नाही, पीक भाऊच घ्यायचा. नुसतं सातबाऱ्यावर नाव राहू दिलं. मग मृत्युपत्र केलं आणि तो तुकडा माझ्या आणि माझ्या चुलत बहिणीच्या नावावर करून गेली. शेतात जाशील तेव्हा बांधावरच्या लिंबाच्या पलीकडचं सोयाबीन बघ, ते तिचं. आजोबा आता स्वतः दरवर्षी सातबारा काढून त्याचा फोटो मला पाठवतात, सोबत एक शब्दही लिहीत नाहीत.

म्हणून आपल्या घरात आत्याला नुसतं शोभेला उभं करत नाहीत. मामानं मला पोरगी झाल्याचं कळवलं तेव्हा पहिलं वाक्य होतं, ‘ताई, नाव ठरव.’

मी येत नाही, कारण रजा नाही. माझ्या जागी तू उभी राहायचं. तू बाळाची आतेबहीण, तुला चालतं. मामी सव्वा महिन्यानं माहेरहून येईल, मग बारसं आपल्या वाड्यात. तुझ्या बॅगेच्या आतल्या खिशात एक बंद पाकीट आहे. त्या दिवसापर्यंत उघडायचं नाही, आणि मामानं कितीही विचारलं तरी त्यालाही दाखवायचं नाही.

करायचं असं. आधी साबणानं हात धू, आणि पाळण्याला हात लावायच्या आधी सगळ्या बायांना धुवायला लाव. हसतील, हसू देत. सिस्टरचा नियम आहे म्हणून सांग, जुन्या बायांना कळेल. बाळाला काजळ लावायला कुणी बोट पुढं केलं तर ते कपाळाला किंवा गालाला, डोळ्यात नाही. धुरीची शेगडी खोलीत आणली तर खिडकी उघड. मग चौघी-पाचजणी बाळाला पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हातात देतील, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत. वरवंट्यालाही टोपडं घालून तसंच फिरवतील, घाबरू नकोस, त्यालाही नीट धर. बाळ पाळण्यात ठेवलं की तू वाकायचं, कानाशी तोंड नेऊन ‘कुर्रर्र’ म्हणायचं आणि पाकिटातलं नाव सांगायचं. तेवढंच. दुसऱ्या कानात तुझ्या मनातलं सांगायचा मोह होईल. आपल्या घरात तो आधी एकीला झालेला आहे, पुरे.

नाव सांगितलं रे सांगितलं की मागून पाठीत बुक्के पडतील. ती रीत आहे, रागानं नाही. शेजारच्या काकू हळू मारतात, आजीचा हात जड आहे. सलवार-कमीज जाड कापडाची घाल. नंतर जी साडी मिळेल ती माझी, तुझी नाही, नीट घडी करून आण. घुगऱ्या मात्र पोटभर खा, त्या विमानानं येईपर्यंत टिकत नाहीत.

तुझी,
आई