अर्धा किलो उडदाचं पीठ म्हणजे किती वाट्या? आधी माझे पापड ऐका

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि माझा खारट पापडांचा डबा डोळ्यांसमोर आला. सासूबाईंच्या वहीत 'उडदाचं पीठ अर्धा किलो' लिहिलंय, घरात काटा नाही, आणि तुम्हाला मिळालेला तक्ता म्हणतो 'एक वाटी म्हणजे 200 ग्रॅम'. मग अडीच वाट्या घेऊ का? नका घेऊ.

आमच्या बचत गटाला प्रशिक्षण देताना एका कार्यालयाने अगदी हाच आकडा छापलेला कागद वाटला होता. तांदूळ, साखर, पीठ, मीठ, सगळ्यांना एकच माप. गटाचा काटा नेमका पहिल्या ऑर्डरच्या वेळी बिघडला. म्हणून मी 2 किलो पिठासाठी 10 वाट्या मोजल्या. मीठ आणि पापडखार मात्र दुकानदाराने 2 किलोच्या हिशेबाने तोलून दिलेले, ते मी कोरड्या पिठातच मिसळले. भिजवताना पाणी फारच कमी लागलं. तेव्हाच शंका यायला हवी होती, पण हातात सरकारी कागद होता ना! लाट्या नेहमीच्या निम्म्याच निघाल्या, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. वाळल्यावर तळून पाहिले तर लालसर, खारट आणि वर कडवट. सासूबाईंनी एक तुकडा मोडला अन् म्हणाल्या, "मीठ कितलं टाकं व माय?"

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन त्या कार्यालयात गेले. साहेब म्हणाले, तक्ता वरून आलाय. वरून म्हणजे कुठून, ते आजपर्यंत कळलेलं नाही. उडीद, तेल, दोन दिवसांची मेहनत, सगळं आमच्या अंगावर. ते पापड आम्ही वर्षभर बिनमिठाच्या खिचडीत चुरून संपवले.

आता कामाचं. 240 मि.ली.च्या कपात माझ्या काट्यावर साखर साधारण 200 ग्रॅम भरते, तांदूळ 190च्या आसपास, रवा 165-170, आणि चाळलेली कणीक जेमतेम 120. तीच कणीक डब्यातून दाबून भरली की 150 पर्यंतही जाते. म्हणजे 200 हा आकडा साखरेचा, पिठाचा नव्हे. तुमचं दळण बारीक की जाड, दमट की कोरडं, त्यावर दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे होणारच, त्याचा दोष मला देऊ नका.

आणि 'वाटी' म्हणजे कोणती वाटी? एक लिटरची पाण्याची बाटली तुमच्या वाटीने रिकामी करा. पाच वाट्यांत संपली तर वाटी 200 मि.ली.ची. मिठाचं तर आणखी वेगळं. खडे मिठाच्या फटींत हवा असते, म्हणून त्याच वाटीत बारीक मीठ वजनाने जास्त बसतं. जुन्या वहीत 'एक वाटी मीठ' असेल तर ते बहुतेक खडे मीठच असणार, बारीक घालताना हात आखडा.

माझं मत विचाराल तर पापडाला वाटीचं माप लावूच नये. कळण्याच्या भाकरीचं तसं नाही. तिथे ज्वारी आणि उडीद अख्खे असतानाच वाटीने प्रमाणात मिसळून गिरणीवर टाकायचे, काट्याचं काही अडत नाही. दळून आणल्यावर दोन पिठं वाटीने मिसळाल तर मात्र घोटाळा.

वहीत कुठे 'शेर' आला तर तेही तपासा. तोलण्याचा शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे साधारण 933 ग्रॅम. पण धान्य मोजायचा शेर हे भांडं होतं, त्यात जे भरलं त्याचं वजन वेगळं. वर शीग लावायची की सपाट, तेही घराघरांत निराळं.

तुम्ही किराणा दुकानातून अर्धा किलो उडदाचं पीठ तोलून आणा, घरी तुमच्या वाटीने चाळून मोजा आणि तो आकडा वहीतच त्या ओळीशेजारी लिहा. माझ्या 200 मि.ली.च्या वाटीने पावणेपाच भरल्या होत्या.