वाचकांचे प्रश्न : पाच घरांचं आडनाव

प्रश्न : आमचं आडनाव पळसखेडे. गावात (ता. दारव्हा, जि. यवतमाळ) आमची पाचच घरं, आजूबाजूच्या गावांत एकही नाही. म्हातारी माणसं ‘पयसखेडे’ म्हणतात, मतदार यादीत काकांचं आडनाव ‘पलासखेडे’ छापून आलंय. आमचं मूळ गाव कोणतं आणि या आडनावाची एकूण घरं किती, हे कसं शोधायचं?

उत्तर : आडनाव गावावरून पडलंय हे उघड आहे. अडचण एवढीच की पळसखेड एक नाही. एकट्या बुलढाणा जिल्ह्यात पळसखेड सपकाळ, पळसखेड दौलत, पळसखेड जयंती, पळसखेड भट, पळसखेड चक्का अशी रांग आहे. अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वेकडे आणखी एक. तेव्हा नकाशा उघडून दारव्ह्याला जवळचं पळसखेड निवडायचं आणि तेच आपलं मूळ गाव म्हणायचं, हे करू नका. बहुतेक जण नेमकं हेच करतात.

दुसरी गोष्ट. गावाचं नाव माणसाला लागतं ते गाव सोडल्यावर. पळसखेडात राहणाऱ्याला पळसखेडे म्हणून कोण हाक मारणार? म्हणून मूळ गावात जाऊन ‘इथे पळसखेडे कोण?’ असं विचारलं तर उत्तर ‘कोणीच नाही’ असं येतं आणि माणूस हिरमुसून परततो. तिथे राहिलेली भाऊकी दुसऱ्याच आडनावानं नांदत असेल. तिथे विचारायचं ते कुलदैवत, देवक आणि ‘तुमच्यातलं कोणी दारव्ह्याकडे गेलं होतं का’ हे.

पण त्याआधी घरचे कागद. सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करा. त्यावर फेरफारांचे (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे) क्रमांक असतात. त्यांतला सर्वांत जुना क्रमांक घ्या, त्याची नक्कल काढा, त्यात आधीच्या फेरफाराचा धागा मिळतो, की पुन्हा तेच. गावातल्या जमिनींचे गट पडले असतील तर जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा मेळ आधी तलाठ्याकडून लावून घ्या, नाहीतर दोन पिढ्यांनंतर तुम्ही भलत्याच्याच वावराचा इतिहास वाचत बसाल. स्कॅन केलेले जुने अभिलेख महाभूमीच्या (राज्य सरकारच्या जमीन-नोंदींच्या पोर्टलच्या) ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे मिळतात. तिथे नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. अर्जात ‘पळसखेडे घराण्याची माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर तो अर्ज तसाच पडून राहील, कारण दप्तर आडनावावर लावलेलंच नसतं. मौजा, तालुका, सर्व्हे नंबर आणि साधारण कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, एवढं दिलं की कारकुनाला गठ्ठा काढता येतो.

जिल्ह्याच्या नावातही घोळ होतो. यवतमाळ जिल्ह्याचं नाव १९०५ पर्यंत वणी जिल्हा होतं. १९०५ च्याच जिल्ह्यांच्या फेररचनेत वाशीम जिल्हा मोडला गेला आणि तो पुन्हा झाला तो १९९८ मध्ये. जुन्या कागदावर वेगळा जिल्हा दिसला म्हणून तो कागद आपला नाही असं समजू नका.

फेरफार वाचताना जमीन घराण्यात आली कशी, तो शब्द बघा. खरेदीनं आली तर पैसा घेऊन आलेलं कुटुंब. बक्षीसपत्रानं किंवा सासऱ्याच्या वारशानं आली तर बहुधा घरजावई. गावात एकाच आडनावाची चार-पाच घरं असण्याचं एक नेहमीचं कारण हेच असतं : एक जावई येऊन राहिला, पुढे त्याच्या मुलानातवांची घरं झाली. दत्तक गेलेल्याचं उलटं होतं, रक्त पळसखेड्यांचं आणि आडनाव दुसरं. घरात हे कोणी आपणहून सांगत नाही, फेरफार सांगतो.

एका पिढीच्या मागे गेलात की आडनाव गायब होईल. तिथे ‘महादू वल्द गणू’ एवढंच असतं. वल्द म्हणजे मुलगा, जौजे म्हणजे बायको, बेवा म्हणजे विधवा. घाबरू नका, कागद बरोबर आहे. खेड्यातल्या पुष्कळ घरांत आडनाव पक्कं झालं ते शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, आणि ते ठरवलं मास्तरांनी. ‘कुठचे रे तुम्ही?’ ‘पयसखेडचे.’ झालं आडनाव. थोरल्याला एका मास्तरांनी घातलं, धाकट्याला दुसऱ्यांनी, तर सख्ख्या भावांची दोन आडनावंही झालेली दिसतात. म्हणून पाचही घरांतल्या सर्वांत जुन्या माणसाचा प्रवेश-निर्गम उतारा (याच रजिस्टरातली नोंद) काढा आणि आडनाव पहिल्यांदा कोणत्या साली, कोणत्या शाळेत उमटलं ते ताडून बघा.

उच्चारांचं सांगायचं तर ‘पयसखेडे’ हा पुरावा समजा. वऱ्हाडीत ळ चा य होतो (डोळा, डोया), म्हणजे मूळ अक्षर ळ होतं हे पक्कं झालं. तुम्ही भंडाऱ्याकडचे असता तर झाडीबोलीत त्याचाच र झाला असता. ‘पलासखेडे’ मात्र बोलण्यातून आलेलं नाही. आधी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं नाव पुन्हा मराठीत उतरवताना ते झालं. तेव्हा शोधताना पळसखेडे, पलसखेडे, पलासखेडे, पळासखेडे, पडसखेडे या पाचही रूपांवर नजर ठेवा. एखादा जुना दस्त मोडीत निघाला तर ऱ्हस्व-दीर्घाला अडून बसू नका, मोडीत तो भेद पाळतच नाहीत आणि अनुस्वारही पुष्कळदा गाळतात.

आता कोणतं पळसखेड? कुलदैवत विचारा, पण जपून. माहूरची रेणुका किंवा तुळजापूरची भवानी असं उत्तर आलं तर त्याचा उपयोग शून्य, अर्धा यवतमाळ जिल्हा माहूरला जातो. एखाद्या आडगावच्या देवाला नारळ फोडायला, जावळं काढायला जात असाल तर तो खरा धागा, त्या गावाच्या पाच-सात कोसांतलं पळसखेड आधी बघा. दुसरा धागा सुतकाचा. सुतक कोणाचं धरता, दहावं-तेरावं कोणत्या गावाला कळवता? आडनाव वेगळं असूनही जिथे सुतक धरलं जातं, ती भाऊकी. तिसरा धागा नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांचा. आजा-पणजा तिथे अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला गेला असेल तर त्यानं स्वतः सांगितलेलं गाव आणि बरोबरच्यांची नावं वहीत असतात. जाताना जात, आजचं गाव, मूळ गाव म्हणून जी जी नावं ऐकलीत ती सगळी आणि चार पिढ्यांची नावं लिहून न्या. नुसत्या आडनावावर वही सापडत नाही.

घरांची मोजणी. जनगणनेतून आडनावांचे आकडे कधीच मिळणार नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्यानं वैयक्तिक नोंदी गुप्त ठेवल्या जातात. हाती राहते मतदार यादी. विदर्भात विधानसभेचे ६२ मतदारसंघ आहेत, प्रत्येकाच्या याद्या भागवार मिळतात, पण त्या बहुधा चित्राच्या स्वरूपात असतात, त्यामुळे शोधखिडकीत आडनाव टाकून काही निघत नाही, डोळ्यांनी वाचावं लागतं. म्हणून सगळा विदर्भ अंगावर घेऊ नका. आधी दारव्हा आणि लगतचे तालुके, मग संशयित पळसखेडांभोवतालची गावं. त्या पळसखेडापासून एका दिवसाच्या बैलगाडीवर असलेल्या गावांत हे आडनाव जास्त दिसायला हवं.

मोजताना माणसं नको, घरं मोजा. यादीत फक्त अठरा वर्षांवरचे असतात, सुना सासरच्या आडनावानं येतात, मेलेल्यांची आणि पुण्याला गेलेल्यांची नावं राहून गेलेली असतात. घर क्रमांक बघून एका घराची एकच नोंद धरा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरांच्या कर आकारणीची यादी) मिळाला तर तो मतदार यादीपेक्षा बरा. प्रमाण काढायचं तर मात्र मतदार धरून हजारी काढा : यादीत १,१०० मतदार आणि त्यात १४ पळसखेडे, म्हणजे हजारी १२.७. दुसऱ्या गावाशी तुलना करायची तर तिथेही मतदारच धरा. एका गावी घरं आणि दुसऱ्या गावी माणसं असं करून भलतेच निष्कर्ष काढलेले पुष्कळदा दिसतात.

आणि एक. सापडलेले सगळे पळसखेडे तुमचे भाऊबंद नव्हेत. एका गावातून कुणबीही बाहेर पडले, माळीही, तेलीही, बौद्धही. सगळ्यांना गावाचंच नाव लागलं.

प्रश्न : कोतवाल बुकाच्या नकलेत आजोबांच्या जन्माच्या नोंदीत आडनावही नाही आणि आजोबांचं नावही नाही, फक्त पणजोबांचं नाव आणि जात आहे. जात पडताळणीत हे चालेल का? (ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : कोतवाल बुक (गावच्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही) असंच असतं. बारशाच्या आधीच कोतवालानं वर्दी दिलेली असायची, त्यामुळे ‘गणू वल्द भिवा यास मुलगा’ एवढीच ओळ. ती नोंद तुमची आहे हे दुसऱ्या कागदानं जोडून दाखवावं लागतं. गणू म्हणजेच गणपत, आणि गणपतचा मुलगा म्हणजे तुमचे आजोबा, हे ज्या एका कागदावर दिसतं तो कागद शोधा. बहुधा तो पणजोबा वारल्यानंतरचा वारसाचा फेरफार असतो, कारण त्यात मयताचं नाव जुन्या पद्धतीनं आणि वारसांची नावं नव्या पद्धतीनं आलेली असतात. मात्र तुमचा भाग मालगुजारीचा (गावाचा सारा सरकारात भरणाऱ्या जमीनदाराचा). वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) इकडे १९५१ पर्यंत बहुतेक गावं मालगुजाराची होती, वऱ्हाडासारखी थेट रयतेच्या नावावर नव्हती. त्यामुळे तुमच्या पणजोबांची नोंद जुन्या खसऱ्यात (शेतवार नोंदवहीत) आणि बंदोबस्ताच्या मिसलीत (सारा ठरवतानाच्या कागदांत) कुळ, म्हणजे जमीन कसणारा, म्हणून बघायला हवी. ‘सातबारा द्या’ म्हटलं तर त्या काळचा सातबारा नाहीच असं खरंखुरं उत्तर मिळेल.

मग वंशावळ शपथपत्रावर करा आणि प्रत्येक नावापुढे टोपणनाव लिहा (गणपत ऊर्फ गणू). कोतवाल बुकातली जन्मतारीख आणि शाळेतली तारीख जुळत नसेल तर तेही शपथपत्रात आधीच सांगून टाका. शाळेत १ जून नाहीतर १ जुलै लिहिण्याची तेव्हा रीतच होती. पुरावा कोणत्या तारखेआधीचा हवा ते प्रवर्गावर ठरतं : अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्या २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास १३ ऑक्टोबर १९६७.

कोणी ‘जुन्या रजिस्टरात आडनाव घालून आणतो’ म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. समिती मूळ रजिस्टर मागवते, शाई आणि अक्षर बघते. आडनाव नसलेली खरी नोंद टिकते, आडनाव घुसडलेली नोंद सगळं प्रकरण बुडवते.

प्रश्न : आमच्या आडनावाच्या शेवटी ‘वार’ आहे. आम्ही मूळचे तेलुगू का? (ता. गोंडपिपरी, जि. चंद्रपूर)

उत्तर : तुमच्या भागात शक्यता मोठी. तेलुगूत ‘वारु’ हे आदरार्थी अनेकवचन, म्हणजे ‘अमुक घरचे’. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळचा दक्षिण भाग आणि नांदेड या पट्ट्यात अशी आडनावं दाट आहेत. ‘वार’ बाजूला काढा, उरलेला भाग तेलुगू वाचता येणाऱ्याकडून तेलुगू लिपीत लिहून घ्या आणि आदिलाबाद-करीमनगरकडच्या गावांत किंवा घरनावांत तो बसतो का बघा. पण भंडारा-गोंदियातलं लांजेवार बघितलंत तर त्यात बालाघाटची लांजी दिसते, तिथे तेलुगूचा संबंध नाही. मडावी, आत्राम, उईके यांच्यामागेही गाव शोधू नये, ती गोंडांची कुळनावं, त्यांचा हिशेब ते कूळ किती देव मानणारं (चार, पाच, सहा की सात) यावर चालतो. मेश्राम गोंडांतही आहेत आणि बौद्धांतही, तेव्हा आडनावावरून जात सांगणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका.

प्रश्न : तीन भावांची तीन स्पेलिंगं झालीत. एक कसं करायचं? (ता. मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : ज्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सर्वांत जुनं रूप आहे, तेच तिघांनी धरा. आधार कार्डावरचं धरू नका, ते बदलता येतं, दाखला सहसा बदलत नाही. मग उरलेल्या दोघांनी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलाची जाहिरात द्यायची, अर्ज ऑनलाइन होतो. जुनं आणि नवं दोन्ही नावं मराठीत आणि इंग्रजीत अक्षर न् अक्षर तपासून भरा, छापल्यावर दुरुस्तीला पुन्हा सगळा खटाटोप. राजपत्रानं जुने कागद बदलत नाहीत, दोन नावांचा माणूस एकच आहे एवढं ते सांगतं, म्हणून त्याची प्रत सातबारा, बँक, पॅन सगळीकडे जोडावी लागते. मुलं अजून शाळेत असतील तर त्यांचं नाव मुख्याध्यापकांमार्फत आत्ताच दुरुस्त करून घ्या, शाळा सुटल्यावर ते फार जड जातं. १ मे २०२४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांच्या नावात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम आहे, तेव्हा नातवंडांच्या जन्मदाखल्याचा फॉर्म भरतानाच आडनावाचं ठरलेलं रूप कागदावर लिहून सोबत न्या.